शाई का अडते? झरणीची गोष्ट



गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावर तीन वेगवेगळ्या गटांकडून एकच प्रश्न आला. पोरांच्या शाळेत शाईच्या पेनाची सक्ती झाली आहे, अक्षर सुधारतं म्हणून. पण पेन आठवडाभर चालतं आणि मग अडून बसतं. नाहीतर भळाभळा गळतं. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. आता दर महिन्याला पेनं घ्यायची की काय?

उत्तर तसं एका वाक्यात देता येईल. पेन फेकू नका, रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. बरीचशी पेनं तेवढ्यानं चालू लागतात. पण आम्ही जरा खोलात गेलो तेव्हा कळलं, की शाई अडणं आणि शाई गळणं हे दुखणं पेनाइतकंच जुनं आहे. त्यावर उपाय शोधण्यात माणसांची आयुष्यं गेली, आणि आजचं स्वस्तातलं पेनसुद्धा त्या खटपटीची कमाई पोटात घेऊन येतं. ती गोष्ट माहीत असली की पेन उघडल्यावर कुठला भाग कशासाठी आहे ते आपलं आपल्याला दिसतं. म्हणून आज आधी इतिहास आणि मग दुरुस्ती.

आपल्याकडे लिहायचं जुनं साधन म्हणजे बोरू. बोरूची काडी तासायची, टोक तिरपं छाटायचं, मधोमध चीर द्यायची आणि दौतीत बुडवून लिहायचं. शाई घरचीच. दिव्यावर काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घालून खलात घोटायची, जितकी घोटावी तितकी चांगली. ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरायची की झालं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जे मोडी कागद जपून ठेवलेत, त्यांवरची अक्षरं आजही काळीभोर दिसतात. काजळी म्हणजे कोळसाच. ती उन्हानं उडत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी शाई हिरड्याची. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला की पाणी काळं होतं. आपल्यापैकी ज्यांनी लोखंडी कढईत आवळा भिजवून केसांना लावला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुरट रस आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग. युरोपातही शेकडो वर्षं याच जातीची शाई होती, फक्त हिरड्याच्या जागी ओक नावाच्या झाडावरच्या गाठी वापरत.

बोरूची अडचण एकच. चार-दोन शब्द झाले की पुन्हा दौत. मोडी लिपी हात न उचलता सरसर लिहायची, पण शाई संपली की हात उचलावाच लागे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शाई पोटात घेऊन धड चालणारं पेन जगातल्या कुठल्याच बाजारात नव्हतं. ते यायला अजून पस्तीस-छत्तीस वर्षं होती.

बोरूनंतर आला टाक. लाकडी दांडी आणि तिला पुढे पोलादी निब. तोही दौतीत बुडवायचाच. या निबांचा मोठा कारखाना-बाजार होता इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम गावात. एकोणिसाव्या शतकात जगभर जाणाऱ्या निबांपैकी कितीतरी तिथून निघत. आणि त्या कारखान्यांत कामाला बहुतेक बायका आणि मुली होत्या. पोलादी पत्र्यातून निबेचा आकार कापायचा, मधे भोक पाडायचं, वाकवून गोलाई द्यायची आणि शेवटी टोकाला चीर द्यायची. ही सगळी कामं हातानं दाबायच्या यंत्रांवर बायका दिवसभर करत. चीर म्हणजे सगळ्यात नाजूक काम. ती केसभर बाजूला गेली की निब भंगारात. शाई उतरते ती त्याच चिरेतून, म्हणजे लिहिण्याचा सगळा भार तिच्यावर. पेनाचा इतिहास सांगताना नावं येतात ती कारखानदारांची. चीर देणाऱ्यांची येत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम इथे थांबलो.

आता खरी गोष्ट सुरू होते. दौत बाळगायची नको म्हणून शाई पेनाच्या पोटातच भरावी, ही कल्पना फार जुनी. पेत्राके पोएनारू नावाच्या रुमानियाच्या तरुणानं पॅरिसमध्ये शिकत असताना १८२७ साली अशा पेनाचं फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे ही युक्ती माझी, असा सरकारी दाखला. त्याच्या आधी आणि नंतरही अनेकांनी प्रयत्न केले. पण त्या पेनांचं वागणं सासुरवाशिणीला छळणाऱ्या घरासारखं होतं. मागितलं तर देत नाही, आणि द्यायला लागलं की पानभर सांडून ठेवतं.

असं का, ते समजायला स्वयंपाकघरात चला. तेलाचा डबा नवीन आणला की आपण त्याला भोकं किती पाडतो? दोन. एकच पाडलं तर तेल येत नाही, आलं तर गळप-गळप करत उड्या मारत येतं. दुसऱ्या भोकातून हवा आत गेली की पहिल्यातून तेलाची धार सरळ लागते. पेनाचंही अगदी हेच. शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत गेली पाहिजे. हवेला वाट नसेल तर शाई अडते. हवा एकदम भसकन आत गेली तर शाईही भसकन बाहेर येते, आणि त्यालाच आपण डाग पडला म्हणतो.

हे गणित धडपणे सोडवलं न्यूयॉर्कच्या लुईस एडसन वॉटरमन यानं. तो विमा विकणारा माणूस. त्याची एक गोष्ट सगळीकडे सांगतात, की मोठ्या गिऱ्हाईकाच्या सहीच्या वेळी पेन गळलं, कागद खराब झाला, दुसरा कागद आणेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्यानं पळवलं, आणि त्या रागानं वॉटरमननं नवं पेन केलं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला पुरावा नाही. ती जाहिरातीतून पसरलेली दिसते. पुरावा आहे तो पेटंटचा, १२ फेब्रुवारी १८८४ चा. त्यात वॉटरमननं काय केलं? निबेच्या पोटाशी टेकून बसणारी एक पट्टी केली आणि तिला लांब खाच पाडली. त्या खाचेच्या तळाशी आणखी बारीक, केसासारख्या चिरा दिल्या. शाई त्या बारीक चिरांना धरून खाली उतरते आणि वरच्या मोकळ्या खाचेतून हवा वर चढते. एकाच वाटेवर जाणारी आणि येणारी, दोघींची सोय.

आणि शाई चिरांना धरून का उतरते? तर वात तेल का ओढते, म्हणून. समईची वात तेलात एका टोकाला असते, तरी ज्योतीपर्यंत तेल पोचतं. बारीक फट दिसली की पातळ पदार्थ तिच्यात आपणहून शिरतो. निबेचं टोक कागदाला लागलं की कागदही त्या वातीचंच पुढचं टोक होतो आणि शाई ओढून घेतो.

ही पट्टी आजही प्रत्येक शाईच्या पेनात असते. निबेखाली काळी, बाजूंनी कंगव्यासारखी दातेरी. तिला आपल्याकडे जीभ म्हणतात. तिचे दाते शोभेचे नाहीत. जादा आलेली शाई त्या दात्यांच्या फटींत थांबून राहते आणि कागदावर सांडत नाही. पेनाचा जीव निबेत आहे असं लोकांना वाटतं. आमचं मत विचाराल तर तो जिभेत आहे.

वॉटरमननंतरचं नाव जॉर्ज पार्करचं, आणि तो आम्हाला अधिक आवडला, कारण तो मुळात दुरुस्ती करणारा. अमेरिकेतल्या जेन्सव्हिल गावात तो तारायंत्र शिकवणारा मास्तर होता. पगाराला जोड म्हणून विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची पेनं विकायचा. ती पेनं बिघडायची, पोरं परत घेऊन यायची आणि मास्तर ती उघडून नीट करत बसायचा. अशी पेनं उघडता उघडता त्याला दोष दिसत गेले. १८८८ साली त्यानं स्वतःची कंपनी काढली, १८८९ साली पहिलं पेटंट घेतलं. १८९४ साली त्यानं आणखी एक बारकावा शोधला. पेन खिशात उभं ठेवलं तरी जिभेत थोडी शाई राहतेच. अंगाच्या उबेनं पेनाच्या पोटातली हवा फुगते, ती शाई वर ढकलते आणि टोपणात शाई साठते. टोपण काढलं की बोटं काळी. पार्करनं जिभेचं मागचं टोक वाकवून नळीच्या भिंतीला टेकवलं. त्यामुळे जिभेतली शाई भिंतीवरून परत पोटात उतरू लागली. एवढंसं वाकण, पण त्यानं किती सदरे वाचले असतील!

सदऱ्यावरून आठवलं. पेनाला जी पट्टी असते, खिशाला अडकवायची, ती पुरुषाच्या खिशासाठी. बाईच्या कपड्याला खिसा कुठे? म्हणून परदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांसाठी वेगळी पेनं निघाली. आखूड, बारीक, आणि टोपणाच्या टोकाला एक कडी. त्या कडीत रेशमी फीत किंवा साखळी ओवायची आणि पेन गळ्यात घालायचं. दिसायला दागिन्यासारखं. पण आखूड पेनात शाईही कमी मावणार. म्हणजे बाई लिहून लिहून लिहिणार किती, याचा अंदाज बनवणाऱ्यानं आधीच करून ठेवला होता!

आपल्या देशात ही पेनं आधी आली ती साहेबाच्या खिशातून. जुन्या मराठीत त्यांना झरणी म्हणत, झरा जसा झरतो तशी. पण लवकरच आपल्याकडचेही लोक कामाला लागले. बनारसचे राधिका नाथ साहा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःच्या पेनाची पेटंटं घेतली आणि ‘लक्ष्मी’ नावाचं पेन काढलं. पुढे स्वदेशीची चळवळ जोरात आली. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राजवळ पोचते, तिथे राजमहेंद्री गाव आहे. तिथल्या के. व्ही. रत्नम यांनी हातानं घडवलेली पेनं करायला घेतली. १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहिलं, की तुमचं पेन मी वापरतो आहे आणि बाजारातल्या परदेशी पेनाला ते चांगला पर्याय आहे. गांधीजी तेव्हा वर्ध्याला मगनवाडीत राहत होते, आणि खेड्यातल्या उद्योगांचं काम तिथूनच चालत होतं.

पेन देशी झालं, पण शाईचं काय? इथे तुम्हाला सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली काजळी आठवा. आपली घरची शाई शेकडो वर्षं टिकणारी. तीच नव्या पेनात भरली असती तर काम फत्ते. पण नाही जमत. काजळी पाण्यात विरघळत नाही, तिचे कण नुसते तरंगत राहतात, आणि डिंक वाळला की ते कण दगडासारखे बसतात. बोरूला काही फरक पडत नाही, तो धुतला किंवा पुन्हा तासला की झालं. पण जिभेच्या केसासारख्या चिरेत तो डिंक एकदा वाळला की पेन मेलं. हिराकसाच्या शाईचंही दुखणं होतं. ती आंबट, म्हणून पोलादी निब गंजवते, आणि जुनी झाली की तिचा गाळ खाली बसतो. म्हणून तर महागड्या पेनांना सोन्याची निब असायची. नुसता थाट नव्हता, सोनं त्या शाईनं गंजत नाही. सोनं मऊ, म्हणून टोकाला कठीण धातूचा एक कण चिकटवत.

म्हणून झरणीला वेगळी शाई लागली. पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची, गाळ नसलेली. असे रंग इंग्लंडमध्ये १८५६ नंतर कारखान्यांतून निघू लागले होते. आपल्याकडे अशी शाई करण्यात एक मराठी घर पुढे होतं. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. घोडा छाप नावानं त्या विकल्या जात. पुढे तीच कंपनी उंटाच्या चित्रामुळे घरोघर पोचली आणि कॅमल शाई म्हणून आपल्या सगळ्यांच्या बोटांना लागली. बंगालमध्ये १९३४ साली राजशाही गावात मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाई सुरू केली. हे गाव आता बांगलादेशात आहे. परदेशी मालावर बहिष्कार घालायचा आणि त्याचीच पत्रकं परदेशी शाईनं लिहायची, ही लाज तेव्हाच्या लोकांना टोचत होती.

मग आपल्या घराघरात पेन आलं का? आलं, पण कुणाच्या हातात आलं, हेही बघितलं पाहिजे. ते आलं वडिलांच्या खिशात, दिराच्या खिशात, तलाठ्याच्या खिशात. बायकांच्या वाट्याला आले सदऱ्यावरचे डाग. लिंबू चोळा, ताक लावा, मीठ लावा, हे आपल्या आयांना चांगलं माहीत होतं. पेन कसं उघडतात, हे नाही. पोरीच्या हातात पेन बिघडलं तर ‘तुला वापरता येत नाही’ म्हणत, आणि पोराच्या हातात बिघडलं तर ‘पेनच खराब निघालं’ म्हणत.

आमच्या गटातली एक जण अजून सांगते. साक्षरतेच्या वर्गाचे दिवस होते. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं, त्यानंतर गावोगावी रात्रीचे वर्ग लागत. ही तिथे दोन महिने बसून सही शिकली. पहिल्यांदा सही करायची म्हणून मुलाचं शाईचं पेन घेऊन एका कचेरीत गेली. वेळ आली तेव्हा पेन चालेना. तिनं झटकलं, पुन्हा टेकवलं, कागदावर नुसता ओरखडा. मागे रांग. कारकुनानं काही न बोलता शाईची गादी पुढे सरकवली. तिनं अंगठा दिला. अंगठ्याची शाई कधी अडत नाही, बघा! ती सांगते, पेनात काय झालं होतं ते मला घरी आल्यावर कळलं. मुलानं ते तीन आठवडे उघडलं नव्हतं आणि आतली शाई वाळली होती. दोन घोट पाण्याचं काम होतं. पुढच्या खेपेला ती घरूनच पेन चालवून बघून गेली आणि सही करून आली.

तेव्हा आता दुरुस्तीकडे.

पेन हातात घेतलं की आधी ठरवा, ते कुठल्या प्रकारानं अडतंय. अजिबात लिहीत नाही, की चार ओळी लिहून थांबतं, की गळतं? तिन्हीची कारणं वेगळी.

अजिबात लिहीत नसेल तर दहा वेळा तरी कारण एकच, शाई वाळली आहे. शाई काढून टाका. निबेचा पुढचा भाग एका वाटीत पाण्यात उभा बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी वाटीतलं पाणी निळं झालेलं दिसेल. ते ओता, नवीन घ्या. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहा, एखाद्या हट्टी पेनाला दोन-तीन दिवसही लागतात. पाणी साधं, फार तर कोमट. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिकची जीभ वाकते आणि जुन्या कडक रबराच्या पेनाचा काळा रंग उडून ते तपकिरी पडतं. स्पिरिट किंवा रॉकेल तर मुळीच नको. नुसत्या पाण्यानं भागलं नाही तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब. मग मात्र चांगलं विसळा. आणि पाणी कुठलं? बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. आपल्या हंड्याच्या तळाशी पांढरं बसतं, तेच जिभेच्या चिरेत बसेल. शेवटचं विसळणं तरी पिण्याच्या गाळलेल्या पाण्यानं किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं करा.

नवं कोरं पेनही कधी कधी चालत नाही. तिथे शाई वाळलेली नसते, कारखान्यातला तेलकटपणा निबेला असतो. तेल आणि पाण्याचं वैर आपल्याला ठाऊक आहे. तोच साबणाचा थेंब उपयोगी पडतो. याच कारणानं पोरांना एक सवय मोडायला लावा, निब डोक्याच्या केसांना पुसायची. आपण डोक्याला तेल थापून शाळेत पाठवणार आणि पोरगं निब त्याच केसात पुसणार, मग शाई कशी उतरेल? वहीच्या ज्या कोपऱ्यावर तेलकट हात टेकतो तिथेही पेन अडतं. तो दोष पेनाचा नाही, खाली टीपकागद किंवा साधा कागद धरून लिहावं.

चार ओळी लिहून थांबत असेल तर हवेला वाट नाही. तेलाचा डबा आठवा. बहुतेक वेळा जिभेची वरची खाच गाळानं भरलेली असते. निब आणि जीभ पेनातून बाहेर ओढून काढता येत असतील तर निब व जीभ दोन्ही एकत्र चिमटीत धरून, न पिळता, सरळ ओढा. मऊ दात घासायच्या ब्रशनं जिभेची खाच पाण्याखाली घासा. सुई, टाचणी आत घालू नका. टाचणीनं खाच मोठी होते, मग शाई जास्त येते आणि तुम्ही एका दुखण्यातून दुसऱ्यात जाता. परत बसवताना निब बरोबर जिभेच्या मध्यावर हवी आणि तिला चिकटून हवी. निब आणि जिभेत फट राहिली तर वात तेलातून उचलल्यासारखं होतं.

मग चीर बघा. निब उजेडासमोर धरा. चिरेतून केसाएवढी उजेडाची रेघ दिसली पाहिजे, वर जरा रुंद आणि टोकाकडे निमुळती. अजिबात दिसत नसेल तर चीर दाबली गेली आहे. पूर्वी मुलं तिच्यात दाढीचं ब्लेड घालून ती सैल करत. आम्ही तसं सांगणार नाही. ब्लेडनं आतली कड खरवडते आणि बोट कापतं ते वेगळंच. अंगठ्याच्या नखावर निब टेकवून अगदी हलका दाब द्या, सोडा, पुन्हा बघा. चीर फार रुंद दिसली, दोन्ही टोकं एकमेकांपासून फाकलेली दिसली, तर कुणीतरी जोर देऊन लिहिलं आहे. बॉलपेनची सवय असलेलं पोर शाईच्या पेनावरही तसाच जोर देतं. शाईचं पेन नुसतं कागदावरून न्यायचं असतं.

आणि गळणं. ड्रॉपरनं नळीत शाई भरायची पेनं आपल्याकडे अजून मिळतात, स्वस्त आणि टिकाऊ. त्यांची एक खोड आहे. भरलेलं असताना ती शहाण्यासारखी वागतात. शाई तळाला गेली की वरची सगळी जागा हवेची होते. मुठीच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला खाली लोटते, मग कागदावर मोठा थेंब. म्हणजे पार्कर मास्तरानं पाहिलेला तोच प्रकार. आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. उपाय सोपा आहे. निम्म्याच्या खाली गेलं की भरून टाका, आणि दप्तरात पेन निब वर करून ठेवा. आट्यांतून गळत असेल तर आट्यांवर थोडं मेण फिरवा. पूर्वी साबणही लावत. नळीला चीर गेली असेल तर मात्र मेणानं काही होत नाही.

दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका. एकीत आंबट, दुसरीत खारी अशी द्रव्यं असली की गाळ बसतो, दुधात लिंबू पिळल्यासारखा. रंग बदलायचा असेल तर आधी पेन धुवा. चित्रकलेची काळी शाई झरणीत कधीच नको, कारण ती आपल्या काजळीचीच बहीण.

आता म्हणाल, एवढं कशाला, बॉलपेन आहे की. लास्लो बिरो नावाच्या हंगेरीच्या पत्रकारानं १९३८ साली त्याचं पेटंट घेतलं. घट्ट शाई आणि टोकाला फिरणारी गोळी. त्यामुळे भिजवणं, धुणं सगळंच सुटलं, पण दुरुस्तीही सुटली. संपलं की फेकायचं. तुमच्या घरच्या बॉलपेनाची कांडी काढून बघा, तिचं मागचं तोंड उघडं असतं. हवा तिलाही लागतेच.

आपल्या गटांसाठी एक महत्त्वाची गोष्ट राहिली, ती शाईच्या टिकण्याची. शाळेतल्या पोरांसाठी जी निळी शाई मिळते ती धुतली की जावी अशीच केलेली असते. सदऱ्यासाठी ते बरं, पण गटाच्या इतिवृत्ताच्या वहीला ते घातक. छप्पर गळलं आणि वही भिजली, की कुणी किती हप्ता भरला ते पाण्याबरोबर वाहून गेलं. जुन्या काळी दस्त लिहायला निळी-काळी शाई वापरत. तिच्यात हिराकसाची शाई असे, निळा रंग फक्त लिहिताना दिसावं म्हणून घातलेला. काही दिवसांनी अक्षर काळं पडे आणि पाण्यानं जात नसे. आज बाटलीवर निळी-काळी लिहिलेलं असलं तरी आत नुसता रंग असू शकतो. तेव्हा बाटलीवरच्या नावावर विसंबू नका. वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहा, एक दिवस वाळू द्या आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. दुसरी ओळ वेगळ्या कागदावर लिहा, अर्धी पुठ्ठ्यानं झाका आणि पंधरा दिवस उन्हात ठेवा. झाकलेलं आणि उघडं अक्षर सारखंच दिसलं तर ती शाई वहीसाठी घ्या. बॉलपेन आणि जेल पेनचीही हीच परीक्षा घ्या. आम्ही घेतली, तेव्हा एका जेल पेनची ओळ थेंबाबरोबर कागदभर पसरली. ते पेन त्याच दिवशी वहीच्या पिशवीतून काढलं.

गेल्या बैठकीला आम्ही घराघरातली बंद पडलेली पेनं गोळा केली होती. पाच निघाली. वाट्यांत पाणी घालून ती रात्रभर ठेवली, सकाळी ब्रशनं जिभा घासल्या. चार चालू झाली. पाचव्याची नळीच तडकली होती. त्याची निब आणि जीभ धुऊन, पुसून एका डबीत ठेवली आहे, त्या मापाचं पेन कुणाकडे असेल तर तिनं घेऊन जावी.